पाळणाघरातली सातवी खुंटी

दादांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले आणि गेली चार-पाच वर्षं काळं म्हणून शिवलेलं अर्धंअधिक कापड गडद निळं होतं हे त्यांना कळलं, त्या वर्षाची ही गोष्ट. डोळ्यांवरची पट्टी सुटली तसे दादा थेट दुकानात आले, तागे रचलेल्या मांडणीपुढे उभे राहिले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, हे निळं आहे!"

"मला ठाऊक होतं," आत्या म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"गिऱ्हाईक बोललं नाही. मी कशाला बोलू?"

त्या घरात हे असंच चालायचं. गप्प राहण्याला तिथे कुणी खोटं बोलणं म्हणत नसे. दादा शिवायचे, त्यांची धाकटी बहीण आत्या कापड बेतायची, आणि दोघं एका टेबलाच्या दोन टोकांना उभी राहून अख्खा दिवस चार वाक्यांत काढायची. दादांचा एकुलता एक मुलगा रिळ्या. लहानपणी अंगाने काडी आणि सारखा कुठेतरी गडगडत गेलेला, म्हणून हे नाव पडलं ते चौतिसाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. त्याने सुई कधी हातात धरली नाही, तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची बायको, म्हणजे घरची सूनबाई, हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. आणि त्यांची सव्वादोन वर्षांची गुंडी दिवसभर दुकानात, आत्याच्या पायाशी.

त्या गुंडीच्या जिभेखाली टाचणी सापडली.

आत्या एका कोटाचं अस्तर लावत होती. पोर टेबलाखाली अर्धा तास गुपचूप बसली होती आणि आत्याला त्याचं कौतुक वाटत होतं. सूनबाई कामावरून आली, तिने पोरीला उचललं, तोंड बघितलं आणि म्हणाली, "आ कर." गुंडीने आ केला. जिभेखाली लाल डोक्याची टाचणी आडवी ठेवलेली. रक्त नाही, ओरखडा नाही. सूनबाईने दोन बोटांनी ती काढली, तेव्हा पोर हसली.

सूनबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "आत्या, तुमची चूक नाही. तुम्ही काम करणार की हिच्यामागे धावणार? पण सोमवारपासून पाळणाघर."

आत्याच्या आत कुठेतरी टाका सुटला आणि उसवत गेला. बासष्ट वर्षांची होती ती. रिळ्याला तिनेच मोठा केला होता, आता त्याची पोर. हिला नेली की टेबलाखाली नुसत्या चिंध्या उरणार. पण टाचणी तिच्याच डबीतली होती, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

पाळणाघरं बघायला दोघी बरोबर गेल्या. पहिलं एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर. दार उघडायच्या आधीच आतून आवाज येत होता. ठेंगणी, गोल बाई, कडेवर एक आणि पायाला लोंबकळलेलं एक.

"या, या, चपला इथेच काढा, नको, राहू द्या, तो चपला चाटतो. हा चावतो बरं का, पण आधी सांगून चावतो. ती चावत नाही, ती थुंकते. अरे सोनुल्या, ती कोणाची चड्डी घातलीस? आमच्याकडे सगळं मऊ खायला देतो, आणि मी गाते, माझा आवाज वाईट आहे पण मुलं ऐकतात, काय करतील बिचारी..."

खाली उतरल्यावर सूनबाईने कपाळ दाबलं. "डोकं उठलं माझं. ही बाई श्वास कधी घेते?"

दुसरं अगदी चकचकीत. भिंतीवर कॅमेरे, आणि प्रत्येक मुलाच्या छातीवर नंबर. टेबलामागच्या बाईंनी संगणकात बघून सांगितलं, "एकशे चार आज जेवला नाही. एकशे सहाला दोनदा शी झाली."

"कपडे लॉन्ड्रीत टाकतात तसे नंबर लावलेत गं पोरांना," आत्या जिन्यात पुटपुटली. सूनबाई हसली. टाचणीनंतर पहिल्यांदाच हसली. आत्याला वाटलं, आता कदाचित हा विषयच मागे पडेल.

तेव्हा दादा मध्ये पडले. संध्याकाळी सगळे दुकानात जमलेले, दादा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "रिळ्या होता ते बघा की. बूट दुरुस्तीवाल्याच्या मागच्या गल्लीत. तिथे हा एक दिवस रडला नाही."

"मी होतो पाळणाघरात?" रिळ्या म्हणाला. "मला तर काहीच आठवत नाही."

"पाच महिने होतास. तुझी आई हॉस्पिटलात होती तेव्हा."

रिळ्याला आईची एकच आठवण होती आणि ती घरात सगळ्यांना पाठ होती. लग्न ठरलं तेव्हा सूनबाईलाही त्याने आधी तीच सांगितली. आई दुपारी यायची. पिवळ्या चौकड्यांचा गाऊन. उजेडाकडे पाठ करून बसायची म्हणून चेहरा दिसायचा नाही. डावा हात पोटावर ठेवायची, डावखुरीच होती ती. बोलायची नाही. "आजारी होती ना," असं तो नेहमी शेवटी म्हणायचा. आत्या त्या दिवसांत दुसऱ्या गावी, तयार कपड्यांच्या कारखान्यात होती. ती आली तोवर वहिनी गेलेली. त्यामुळे ही हॉस्पिटलच्या खोलीतली आठवण असणार, असं ती धरून चालली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या, सूनबाई आणि गुंडी त्या गल्लीत गेल्या. बैठं घर. दाराच्या कडीला जाड कापडाची घडी गुंडाळलेली, ती वाजू नये म्हणून. दार ढकललं तर उघडंच. आत छोट्या चपलांचे नऊ जोड भिंतीशी, सगळ्यांची तोंडं दाराकडे. उंबऱ्याच्या आत एक फरशी वर आलेली होती, तिला आत्या अडखळली आणि लगोलग सूनबाईही.

खोलीत दोन रांगांत सतरंज्या अंथरलेल्या होत्या आणि नऊच्या नऊ मुलं झोपलेली. एकही कूस बदलत नव्हतं. पलीकडच्या मोठ्या खिडकीकडे पाठ करून एक बाई बुटक्या स्टुलावर बसली होती. उजेड मागून, त्यामुळे चेहरा म्हणजे नुसती काळोखी. अंगात फुलाफुलांचा गाऊन, खांद्यात घट्ट. उजवा हात एका मुलाच्या पोटावर.

"बाई?" सूनबाई म्हणाली.

बाईंनी दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. बस्स.

दोघी दाराशी उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने बाई उठल्या. फुलाफुलांचा गाऊन त्यांनी डोक्यातून काढला, खाली त्यांचे स्वतःचे साधे कपडे होते. गाऊन घडी करून एका पत्र्याच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं. दुसऱ्या डब्यातून हिरवा झगा काढला, अंगात चढवला आणि पुढच्या सतरंजीपाशी जाऊन बसल्या. तिथल्या मुलीने डोळे किलकिले केले, झग्याकडे बघितलं आणि मिटले.  असं तीनदा झालं. मग बाई त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लोटलं.

"बसा हो, बसा! किती वेळ ताटकळलात. मघाशी बोलता येत नव्हतं." आवाज जाड, खेळकर, एखाद्या मावशीचा असावा तसा. वय सत्तरीच्या आसपास, पण पाठ ताठ.

"ते कपडे..." सूनबाईने विचारलं.

"आयांचे. प्रत्येक आई एक अंगावरचा कपडा ठेवून जाते, न धुतलेला. मी तो घालते. मुलाला आईचा वास येतो, आईचा रंग दिसतो. चेहरा उजेडात आणायचा नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. आवाज आला की मूल ओळखतं, की ही ती नव्हे. गप्प बसलं की नाही ओळखत. पन्नास वर्षं झाली मला. माझ्याकडे मूल रडत नाही."

 सूनबाईतली प्रयोगशाळा जागी झाली. "वासाचं खरंय. नवजात बाळसुद्धा आईला वासावरून ओळखतं. आत्या, मला हे पटतंय."

आत्याचं लक्ष दाराशी टांगलेल्या एका झग्यावर होतं. कोपरापाशी फाटलेला, आणि रफू असं की दोरा कुठे शिरला कुठे निघाला सापडू नये. "हे रफू कोणाचं?"

"माझंच. ठिगळ दिसलं की मूल बिचकतं."

इतकं बारीक रफू करणारं माणूस मुलाची हेळसांड करणार नाही, असं आत्याच्या मनात आलं. आयुष्यभर तिने माणसं टाक्यावरून जोखली होती. त्या घरातल्या सगळ्यांची हीच खोड, आणि पूर्वीही एकदा त्या खोडीपायीच फसगत झाली होती, हे तिला घटकाभराने कळायचं होतं.

बाईंनी भिंतीतलं कपाट उघडलं. आत खुंट्यांची रांग, खुंटीखुंटीवर आकडा. "आताच्या मुलांचे डब्यात. हे जुने. कुणी परत न्यायला आलं नाही. सातवी खुंटी रिकामी करते, तुमच्या मुलीचा डबा त्या जागी ठेवू."

सातव्या खुंटीवर पिवळ्या चौकड्यांचा गाऊन होता.

आत्याने तो हातात घेतला. घ्यायची गरजही नव्हती. कापड तेव्हा कमी पडलं होतं, म्हणून डावी बाही उरेब काढली होती, तिच्या चौकड्या तिरक्या गेल्या होत्या. खिसा डावीकडे, कारण वहिनी डावखुरी. डावा खांदा अर्ध्या इंचाने उतरता, कारण वहिनीचा उतरता होता. आत्याने स्वतः बेतलेला, स्वतः शिवलेला, कारखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात. कॉलर उलटली. आतला टाका तिचाच.

"हा कुणाचा?" तिने विचारलं. 

सूनबाई पुढच्या खोलीत डोकावत होती, कारण गुंडी तिच्या हातातून सुटून तिकडे गेली होती. बाई हलकेच म्हणाल्या, "एका मुलाची आई गेली. ती हॉस्पिटलात होती तेव्हा महिनाभर घातला. गेल्यावर चार महिने. बाप म्हणाला, असू दे तुमच्याकडेच."

"गेल्यावर?"

"गेल्यावरच तर जास्त लागतो."

"आत्या, इकडे या!" सूनबाई दाराशी कुजबुजत होती. गुंडी, जिला झोपवायला अर्धा तास खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालाव्या लागत, ती कोपऱ्यातल्या रिकाम्या सतरंजीवर आपणहून आडवी झाली होती. बाईंनी हात पुढे केला. सूनबाईने अंगातला स्वेटर काढून दिला. बाई तो घालून पोरीजवळ बसल्या. गुंडीने दारातल्या आईकडे बघितलं, मग स्वेटरकडे बघितलं. दोन्हीकडे एकाच नजरेने. आणि डोळे मिटले.

"झोपलीसुद्धा!" सूनबाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

घरी आल्यावर सूनबाई गुंडीला घेऊन वर गेली तशी आत्या दुकानात शिरली. दादा इस्त्री करत होते.

"दादा, वहिनीचा पिवळा गाऊन तिथे आहे."

दादांची इस्त्री जागेवर थांबली. कापड करपल्याचा वास आला तेव्हा त्यांनी ती उचलली.

"धुतलाय का तिने?"

"नाही."

दादा स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी करपलेल्या डागावर अंगठा फिरवला. "घरी आणलं की विचारायचा, आई कुठेय. तिथे विचारत नसे. संध्याकाळी न्यायला गेलो की सांगायचा, आई आली होती. रोज सांगायचा, खूश असायचा. तिला जाऊन आठ दिवस झाले, पंधरा झाले. मी रोज म्हणायचो, उद्या सांगतो. त्या बाईचं काम इतकं सुरेख होतं गं. मला वाटलं, अशी बाई वाईट कशी करेल?"

"म्हणून तारीख बदललीस?"

"रोज आई भेटते म्हणणाऱ्या पोराला मी काय सांगू? ती कधीच गेली? मग भेटते ती कोण? ज्या दिवशी तिथून काढला, त्या दिवशी सांगितलं, आज गेली. नऊ जुलै."

गेली एकतीस वर्षं नऊ जुलैला दुकान बंद असायचं. आत्याला खरी तारीख माहीत होती, तार तिलाही आली होती. पण कारखाना सोडून ती जुलैअखेर आली तेव्हा दादांनी एवढंच सांगितलं, पोराला जुलै सांगितलंय, तूही तेच सांग. तिने विचारलं नाही.

"मला वाटलं, जुलैत काम कमी असतं म्हणून," ती म्हणाली.

दादा हसले नाहीत. "त्याला सांगू नकोस. त्याच्याकडे आईचं तेवढंच आहे. ते काढून घेतलंस तर बदल्यात काय देशील?"

"आणि गुंडी? तिला तिथे टाकायची?"

"रडणार नाही ती."

"तेच म्हणते मी, दादा. रडत नाहीत तिथे पोरं."

दादांनी मान फिरवली. आत्याला आपली अडचण स्पष्ट दिसत होती. कारण न सांगता नको म्हटलं तर सूनबाई म्हणणार, म्हातारीला पोर सोडवत नाही. आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. कारण सांगितलं तर रिळ्याची आई दुसऱ्यांदा जाणार, आणि यावेळी मागे उरलेली आठवणही जाणार.

साडेसहाला रिळ्या आला, हाताला ग्रीस, खिशात नटबोल्टचे पाने. सूनबाई गुंडीला घेऊन खाली आली ती भरभरून सांगतच.

"ठरलं बरं का! बाबा म्हणाले तेच. काय पद्धत आहे त्या बाईंची! आईचा कपडा अंगात घालून बसतात, मुलाला वाटतं आईच आलीय. तोंडातून अवाक्षर काढत नाहीत..."

गुंडीने कडेवरूनच आईच्या तोंडावर हात ठेवला. "बोलू नको."

सगळे हसले. सूनबाईने तो चिमुकला हात बाजूला केला. "अगं, तुझ्या बाबांना सांगतेय मी..."

हात पुन्हा आला, यावेळी दाबून. पोर हसत नव्हती. आईचा चेहरा ती नीट निरखत होती, दुकानातलं गिऱ्हाईक निरखावं तसा. "आई बोलत नाही," ती म्हणाली.

आता कुणी हसलं नाही.

रिळ्या हात पुसायचा थांबला. "त्या बाई खिडकीकडे पाठ करून बसतात का?"

"हो." त्याने सांगितलेली आठवण आत्ता कुठे सूनबाईच्या ध्यानात आली.

"आणि पोटावर हात ठेवतात."

"ठेवतात."

"डावा?"

सूनबाईने आठवून बघितलं. "नाही. उजवा. प्रत्येक मुलाला उजवाच, मी बघत होते ना."

रिळ्याने सोडलेला श्वास आत्याला टेबलाच्या या टोकाला ऐकू आला. "मग नाही," तो म्हणाला. कोणाला म्हणाला कळलं नाही. मग त्याची नजर वडिलांकडे गेली. दादा मशीनच्या चाकावर हात ठेवून, ते न फिरवता, बसले होते. मग त्याने आत्याकडे बघितलं. आत्याने कात्री उचलली आणि समोर कापड नसताना उघडली.

"उद्या गुंडीला मी नेतो," रिळ्या म्हणाला. "आत्या, तू चल."

सकाळी तिघं गेली. गल्लीत रिळ्याने आत्याला दोनदा विचारलं, कुठलं घर; त्याला ते ओळखू आलं नाही. पण दार ढकलून तो आत शिरला आणि ती वर आलेली फरशी त्याने खाली न बघता ओलांडली. पाय आपोआप उचलला गेला. आत्या मागून बघत होती. तिला आजही ठेच लागली.

मुलं आली होती, सतरंज्यांवर बसून लाकडी ठोकळे मांडत होती. ठोकळ्यांचाही आवाज नव्हता. बाई मागच्या खोलीच्या उघड्या दारातून दिसत होत्या, कपाटापाशी. त्यांनी वळून रिळ्याकडे बघितलं. सहा फुटी माणूस, पायात कामाचे बूट. कितीतरी वेळ बघितलं. नाव विचारलं नाही, कशासाठी आलात विचारलं नाही.

"आहे अजून," त्या म्हणाल्या. "ठेवलाय."

आणि तोंड मिटून घेतलं. कपाटातून पिवळा गाऊन काढला, अंगात चढवला, खिडकीशी जाऊन उजेडाकडे पाठ करून बसल्या.

आत्या कपडा बघत होती, तिला दुसरं काही बघता येत नाही म्हणा ना. तो गाऊन उतरत्या खांद्याचा. वहिनीखेरीज कुणाच्याही अंगावर त्याला डाव्या खांद्यावर झोळ पडायला हवा. बाईंचे खांदे सरळ होते, कालच तिने मनातल्या मनात माप घेतलं होतं. तिने पुन्हा बघितलं. झोळ नव्हता. गाऊन बेताबरहुकूम बसला होता.

रिळ्या जाऊन सतरंजीवर बसला, मग आडवा झाला. त्याचे पाय सतरंजीबाहेर फरशीवर गेले. बाईंचा हात उचलला गेला आणि त्याच्या पोटावर आला. डावा हात.

गुंडीने आत्याचा पदर दोन्ही मुठींत धरला आणि तोंड त्यात खुपसलं.

किती वेळ गेला कोण जाणे. रिळ्याचा श्वास लांब झाला. मग तो म्हणाला, "आई."

हात थांबला.

"एकदा बोल."

बाई गप्प. चेहऱ्याच्या जागी काळोखी, मागे पांढरा उजेड.

"तुला बोलता येत होतं ना? मला आवाज आठवत नाही तुझा. एक शब्द बोल. काहीही."

खोलीतल्या नऊही मुलांनी एकाच वेळी माना वळवल्या. कुणी उठलं नाही, कुणी रडलं नाही. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि एकेकाने आपापल्या तोंडावर हात ठेवला.

रिळ्या उठला. तो हात त्याने पोटावरून दोन्ही हातांनी उचलला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला, एखादं जुनं भांडं फडताळात ठेवावं इतक्या जपून. मग गुंडीला उचललं आणि बाहेर आला. आत्याने सूनबाईचा स्वेटर पत्र्याच्या डब्यातून ओढून घेतला आणि मागे वळून न बघता निघाली.

गल्लीच्या तोंडाशी बूट दुरुस्तीवाल्याची ठोकठोक चालू होती. रिळ्या तिथे उभा राहून ती ऐकत राहिला.

"सूनबाई म्हणत होती, एक ठेंगणी बाई आहे. बडबड करून डोकं उठवते."

"आहे. गातेसुद्धा. फार वाईट गाते म्हणे."

"तिथे घाला गुंडीला. आजच. ही चावली तरी चालेल, हिला चावलं तरी चालेल. तिथे रडू दे हिला."

"सूनबाईला काय सांगशील?"

"सगळं."

सूनबाईने सगळं ऐकून घेतलं. तिने वाद घातला नाही. स्वेटर मात्र धुवायला टाकला, आणि वाळल्यावर पुन्हा एकदा धुतला. त्या दुपारी आत्या आणि ती गुंडीला ठेंगण्या बाईकडे सोडून आल्या तेव्हा पोरीने जिन्यापर्यंत ऐकू येईल असा गळा काढला होता. सूनबाई जिन्यात बसून रडली. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि स्वतःचं रडू तिने त्यातच उरकून घेतलं. "बघा कसा दम आहे पोरीत," वरून बाईंचा आवाज येत होता, "रड, रड, मीपण रडते, चल, कोण मोठ्यांदा रडतं बघू..."

दोघी दुकानात परतल्या तर रिळ्या कामावर गेलाच नव्हता. टेबलाच्या मधोमध, जिथे कधी कुणी उभं राहत नसे तिथे, उभा होता. दादा एका टोकाला.

"बाबा, पाच महिने मला ती बाईच भेटत होती. मग आई गेली कधी? खरी तारीख सांगा."

दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तोंड उघडलं. मिटलं. त्यांनी बहिणीकडे बघितलं. एकतीस वर्षांत त्या नजरेचा अर्थ आत्याने नेहमी एकच घेतला होता, की गप्प राहा.

ती टेबलाच्या आपल्या टोकाला गेली नाही. रिळ्यासमोर उभी राहिली आणि तिने सांगितलं.

रिळ्याची आई अकरा मार्चला, सकाळी सव्वासहा वाजता, हॉस्पिटलात वारली. रिळ्या तेव्हा तीन वर्षं दोन महिन्यांचा होता. त्या दिवशी मंगळवार होता.